चारशे बारा क्लिपा आणि एक सही

यंत्रातून नुकताच निघालेला दांडा हाताला चटका देतो, तरी तपासनीस हातमोजा घालत नाही.

"पसंतीचा विषय (एकच लिहावा)." खाली चौकट. चौकटीत काही नाही.

क्लिप २१२. लांबी नऊ सेकंद. पंख्याची घरघर. सहाव्या सेकंदानंतर कोणीतरी तोंडाने श्वास आत घेतं. बोलत नाही.

मामेभाऊ. वय तेवीस. अकाउंट्स. सव्वीस हजार, शिवाय येण्याजाण्याचा खर्च.

"शास्त्रीबाई, डबा उघडा. कान काही पळून जात नाहीत."

शुक्रवार. पाच वाजता खिडकी बंद होईल. उशिरा आलेले अर्ज घेतले जाणार नाहीत.

*

हे सगळं एका माळेत ओवायचं तर सुरुवात जेवणाच्या टेबलापासून करावी लागेल, कारण घोडं तिथेच अडलं होतं.

थोरलीला भाषाशास्त्राची पदवी मिळून चार महिने झाले होते. चार महिन्यांत तिने एकसष्ट अर्ज केले. उत्तरं आली नऊ. नवांपैकी सहा जणांनी "म्हणजे तुम्हाला किती भाषा येतात?" असं विचारलं, आणि तिने "दोन, पण" म्हटल्यावर पणच्या पुढचं ऐकून घेतलं नाही. धाकटीची शाळा त्याच उन्हाळ्यात संपली होती. तिला कॉलेजचा अर्ज भरायचा होता, आणि रिकाम्या चौकटीत तिला भरायचं होतं भाषाशास्त्र.

वडील यंत्रांचे दांडे बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. दिवसाला तीनशे दांडे त्यांच्या हाताखालून जायचे. मापात बसला नाही की ते एकच शब्द बोलायचे: "परत." कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. परतसाहेब आले, परतसाहेब गेले.

"एकीचं झालं ते झालं," परतसाहेब त्या संध्याकाळी म्हणाले. "दुसरीचा माल तरी मापात निघू दे."

"आम्ही माल आहोत का हो बाबा?" धाकटी म्हणाली.

"नाही. माल परत पाठवता येतो."

आईला हसू आलं, आणि हसल्याबद्दल तिने लगेच दोघींच्या ताटात भाजी वाढली.

वडिलांनी तोंड पुसलं आणि अट घातली. थोरलीला एका कंपनीत सहा दिवसांच्या चाचणीवर बोलावलं होतं ना? ठीक. शुक्रवारी पाचच्या आत तिने नेमणूकपत्र आणायचं. तोंडी आश्वासन नको, कागद हवा. कागदावर बावीस हजार हवेत. आणलं, तर धाकटीने काय वाटेल ते भरावं, ते चकार शब्द काढणार नाहीत. नाही आणलं, तर अकाउंट्स.

"बावीसच का?" थोरलीने विचारलं.

"तुझ्या शिक्षणावर जेवढं घातलं तेवढंच तुझ्या मामाने पोरावर घातलं. तो सव्वीस आणतो. तुला चार हजारांची सूट दिली. बाप आहे शेवटी."

थोरली काही बोलायच्या आत धाकटीने टेबलावरून हात पुढे केला होता. "घेतला शब्द! ताई आणेलच." वडिलांनी तो हात धरून हलवला. थोरलीला कोणी विचारलंच नाही.

*

कंपनी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. एका लांबट खोलीत चोवीस खुर्च्या, चोवीस पडदे, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून खिडक्यांना कागद चिकटवलेला. बोलायचं नाही. भिंतीवर एक मोठा पडदा, त्यावर प्रत्येकाचा आकडा.

काम सोपं होतं, इतकं सोपं की ऐकून थोरलीला अपमान झाल्यासारखं वाटलं. संकटात सापडलेल्या माणसांसाठी एक मदत-क्रमांक होता. त्यावर येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळ फोन नुसतेच असायचे: खिशात दबून लागलेले, पोरांनी खेळताना लावलेले. ते ओळखून आपोआप तोडणारी एक यंत्रणा तयार होत होती. तिला शिकवायला जुन्या फोनांचे तुकडे, म्हणजे क्लिपा, माणसांनी ऐकायच्या आणि दोनातलं एक बटण दाबायचं. 'माणूस' किंवा 'रिकामा'. दिवसाला नऊशे.

"आणि त्यात गोल्ड असतं," सुपरवायझर बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. बाई चाळिशीच्या आतल्या, बारीक, केस घट्ट बांधलेल्या, गळ्यात हेडफोन कायमचा अडकवलेला. "गोल्ड म्हणजे ज्यांचं उत्तर आमच्याकडे आधीच आहे अशा क्लिपा. चारशे बारा आहेत. त्या तुमच्या नऊशेंत मधेमधे टाकलेल्या असतात. कुठल्या ते तुम्हाला कळणार नाही. गोल्डशी तुमचं शंभरात पंच्याण्णव जुळलं तर तुमचे कान चांगले. नाही जुळलं तर दार तिथे आहे, लिफ्ट बंद आहे."

कोणी हसलं नाही. बाईंनाही ते अपेक्षित नव्हतं.

पहिल्या दिवशी थोरलीचा आकडा ब्याण्णव. दुसऱ्या दिवशी नव्वद. तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी, लाल अक्षरांत. शेजारच्या खुर्चीवर एक चष्मेवाला होता, कॉमर्सचा, तीनदा परीक्षा देऊन पास झालेला. तो सत्त्याण्णववर होता आणि मधूनमधून जांभया देत होता.

*

क्लिप ८८. सात सेकंद. रस्ता. श्वास आत, तोंडाने. थोरलीचं उत्तर: माणूस.

क्लिप २१२. तिचं उत्तर: माणूस.

क्लिप ३४०. अकरा सेकंद. कापड घासल्याचा आवाज, मग ओठ सुटल्याचा बारीक आवाज, मग श्वास आत. तिचं उत्तर: माणूस. दाबून झाल्यावर तिने तळहात मांडीला पुसला.

*

तिच्या प्रबंधाचा विषय एवढाच होता: बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस श्वास कसा घेतो. विषय ऐकून मामा म्हणाला होता, "आणि सोडतो कसा, ते पुढच्या वर्षी का?" तीन महिने तिने दुकानांत, दवाखान्यांत, बँकेच्या रांगेत लोकांची बोलणी रेकॉर्ड केली. शाळा सुटली की धाकटी रेकॉर्डर धरून उभी राहायची. नुसता जिवंत राहण्यासाठी घेतलेला श्वास वेगळा. तो नाकाने जातो, सावकाश, आणि तसाच बाहेर येतो. बोलण्यासाठी घेतलेला श्वास चटकन आत येतो, बहुतेक तोंडाने, आणि बाहेर यायच्या ऐवजी थांबतो. तो थांबला की समजायचं, आता शब्द येणार.

हे एकदा कानाला लागलं की सुटत नाही. घड्याळाची टिकटिक एकदा ऐकू यायला लागली की कशी सुटत नाही, तसं. त्या खोलीत चोवीस माणसं होती. तेवीस जण क्लिपेत बोलणं आहे का ते ऐकत होते. ही एकटी बोलण्याच्या आधीचं ऐकत होती, आणि पदवीच्या जोरावर लाल होत चालली होती.

*

"गोल्डला आवाज असतो," चष्मेवाला जिन्यात म्हणाला. डबा खायची जागा जिन्यातच होती. "तुम्ही एवढ्या शास्त्रीबाई, आणि हे ऐकू नाही आलं?"

"कसला आवाज?"

"सुरुवातीला. टक्. जुन्या मशीनवर काढलंय ते सगळं. बाकीच्या क्लिपा नव्या, त्यांना टक् नाही. टक् आली की सावध. टक् असेल आणि कोणी खणखणीत बोलत नसेल तर डोळे मिटून रिकामा. मी बाकीच्या ऐकतपण नाही. बाकीच्यांचं उत्तर कोणाकडे आहे? कोण तपासणार?"

थोरलीने घास डब्यात परत ठेवला. "पण त्या रिकाम्या नाहीत. काहींमध्ये माणूस आहे."

"असेल की. तो काय तुम्हाला पत्र देणार आहे?" त्याने डब्याचं झाकण लावलं. "मला घरी म्हातारे आजोबा आहेत. तुम्हाला कोण आहे?"

"धाकटी बहीण."

"मग टक् ऐका."

*

बुधवारी, चौथ्या दिवशी, तिने टक् ऐकली. नंतर श्वास ऐकला. आणि 'रिकामा' दाबलं.

पहिल्या वेळी बोट बटणावर तसंच राहिलं. विसाव्या वेळी राहिलं नाही. टक् नसलेल्या क्लिपांना ती खरं उत्तर द्यायची, टक् असलेल्यांना बाईंचं. एका कानाने दोन हिशेब. दुपारी आकडा त्र्याण्णव झाला, संध्याकाळी पंच्याण्णव. लालचा हिरवा झाला तेव्हा चष्मेवाल्याने मान न वळवता टेबलावर दोन टिचक्या मारल्या.

गुरुवारी अठ्ठ्याण्णव. त्या संध्याकाळी धाकटीने दारातच विचारलं, "किती?" आणि आकडा ऐकून तिने चपला फेकून उडी मारली. वडील वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "अठ्ठ्याण्णव चांगले. कागद कधी?" थोरली हातपाय धुवायला गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

*

शुक्रवार.

सकाळी नऊ: वडिलांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकल्याचं सांगितलं. धाकटीबरोबर ते स्वतः कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहणार होते. "सही पालकाची लागते," ते म्हणाले.

दुपारी दोन: नव्याण्णव.

साडेतीन: धाकटीचा मेसेज. "रांगेत आहे. पुढे चाळीस जण. बाबा रांगेतल्यांना सरळ उभे राहा सांगतायत."

चार वाजून पाच मिनिटं: "लांब वेणीवाली, तू. आत ये," बाई म्हणाल्या.

बाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि टेबलावर दोन कागद. पहिल्यावर वर कंपनीचं नाव, खाली थोरलीचं, मध्ये आकडा. तेवीस हजार पाचशे. तिने तो दोनदा वाचला.

"तुला बटणं दाबायला नाही घेत मी," बाई म्हणाल्या. "तो चष्मेवाला आहे त्याला. तू गोल्ड सांभाळायचंस. काम काय, ह्या दुसऱ्या कागदावर सही. 'चारशे बारा क्लिपा मी तपासल्या, उत्तरं बरोबर आहेत.' ज्यांचं काम आहे त्यांचा नियम आहे: गोल्ड ज्याने केलं त्याने तपासायचं नाही, आणि तपासणारा भाषाशास्त्राचा पदवीधर हवा. गोल्ड मी केलंय. पदवीधर तू आहेस."

"म्हणजे मला घेताय ते पदवीसाठी?"

"मग कशासाठी? वेणीसाठी?"

थोरलीने पेन घेतलं. बाहेर खोलीत कोणीतरी खोकलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी तिची पदवी हवी होती, रोख पैसे मोजून हवी होती. तिच्या मनात आलं, सही करावी, फोन लावावा, आणि मग सोमवारपासून एकेक करून दुरुस्त करत जावं. तिने पेन कागदाला टेकवलं आणि उचललं.

"मी तपासल्या नाहीत," ती म्हणाली.

"सहा दिवस दुसरं काय केलंस?"

"सगळ्या चारशे बारा माझ्यासमोर आल्या नाहीत. आणि आल्या त्यांतल्या काही चुकीच्या आहेत. माणूस आहे तिथे रिकामा लिहिलंय."

बाई मागे टेकल्या. "असं? काल आणि आज तूच त्यांना रिकामा दिलंस. नव्याण्णव टक्के. काल तुझे कान कुठे होते?"

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. खोटं बोलायला जागा नव्हती, आणि खरं लाजिरवाणं होतं. "गोल्डच्या सुरुवातीला टक् येते. ती आली की तुमचं उत्तर द्यायचं. माझं नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त गळ्यातला हेडफोन त्यांनी काढला आणि टेबलावर ठेवला. "कोणती?"

"दोनशे बारा."

बाईंनी ती लावली. ऐकली. "पंखा."

"सहाव्या सेकंदानंतर. आवाज वाढवा."

बाईंनी आवाज वाढवला, डोळे मिटले. पुन्हा लावली. पुन्हा. चौथ्यांदा त्यांची हनुवटी किंचित वर उचलली गेली, कोणी हाक मारल्यावर उचलली जाते तशी. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अशा किती?"

"मला वेळ द्या. सगळ्या ऐकते."

"वेळ नाही. पाचला मी गोल्डची यादी वर पाठवते. सही असेल तर पत्र आज. सही नसेल तर यादी थांबेल, मला वर उत्तर द्यावं लागेल, आणि तुझं पत्र पण थांबेल. किती थांबेल ते मला माहीत नाही. थांबलेली पत्रं मी फारशी परत आलेली पाहिली नाहीत."

"दोन्ही होणार नाही? पत्र आज, आणि ह्या मी सोमवारपासून..."

"सहीत लिहिलंय 'तपासल्या'. 'तपासेन' नाही लिहिलंय."

फोन थरथरला. धाकटी. "पुढे सहा जण. ताई???"

थोरलीने पेनाने दुसऱ्या कागदाच्या मागे लिहायला सुरुवात केली. ८८, चौथा सेकंद. २१२, सहावा. ३४०, नववा. आठवत होते तेवढे आकडे, आणि प्रत्येकासमोर श्वास कुठे येतो ते. हात इतका जोरात चालला होता की कागद एका ठिकाणी फाटला. एकोणीस झाले. विसावा आठवेना. तिने कागद उलटा करून बाईंसमोर सरकवला. सहीची जागा तशीच होती.

"मी फोन करून येते," ती म्हणाली.

*

जिन्यात. पाचला वीस मिनिटं कमी.

"मिळालं?" धाकटी ओरडली. मागे रांगेचा कलकलाट.

"बाबांना दे."

"आधी सांग ना!"

"दे."

फोन हातातून हातात गेला. वडिलांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा. "बोल."

तिने सांगितलं. भाषाशास्त्र न आणता सांगितलं, कारखान्यातलं असल्यासारखं: माल पास झाला म्हणून सही मागतायत. सगळा माल बघू दिलेला नाही. जेवढा बघितला त्यात एकोणीस नग चुकीचे सापडले.

"माप कोणाचं चूक? तुझं की त्यांचं?"

"त्यांचं. बाईंना ऐकवलं. त्यांना पटलं."

"पटलं, तरी सही मागतायत?"

"हो."

"केलीस?"

"नाही."

पलीकडे वडिलांनी श्वास घेतला आणि तो थांबला. तिला वाटलं, आता. पण शब्द यायला फार वेळ लागला.

"नाही करायची," ते म्हणाले. "न बघितलेल्या मालावर सही कशी करणार? बरोबर केलंस."

 ती पायरीवर बसली. "मग बाबा, धाकटीचं..."

"पत्र आहे?"

"नाही, पण तुम्ही आत्ताच म्हणालात की..."

"तू बरोबर केलंस म्हणालो. पत्र आलं असं नाही म्हणालो. पाचच्या आत कागद, असं ठरलं होतं. कागद नाही. मग अकाउंट्स."

"हा अन्याय आहे, बाबा."

"असेल. पण आज एक माप सोडलं तर उद्या मला कोणतं धरता येईल?"  मग हळू आवाजात, रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने: "तू तो कागद आणला असतास तर मला आवडलं असतं गं. तिच्यापेक्षा जास्त मला."

"तिला द्या."

धाकटीने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज एकदम मोठ्या माणसासारखा झाला होता. "ताई, रडू नकोस हं. खिडकीतला माणूस माझ्याकडेच बघतोय."

"मी तुला न विचारता नाही म्हटलं."

"मी पण तुला न विचारता हात पुढे केला होता." मग पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज. "अकाउंट्समध्ये ट जोडायचा का वेगळा, ते सांग आता शास्त्रीबाई."

"कसाही लिही. कळतं त्यांना."

"तेवढंच शिकलीस तीन वर्षांत?" धाकटी हसली. हसता हसता मध्येच तुटली. फोन बंद झाला.

*

ती परत आत गेली तेव्हा बाई उभ्या राहून हेडफोन लावून ऐकत होत्या. टेबलावर एकोणीस आकड्यांचा कागद. बारा आकड्यांसमोर बाईंनी पेन्सिलीने बारीक बरोबरच्या खुणा केल्या होत्या, एकासमोर फुली.

"ही एकशे सहा," बाई म्हणाल्या, "ह्यात तुझी चूक आहे. दार आहे ते. श्वास नाही."

थोरलीने ऐकली. दार होतं.

"बाकीच्या सहा?"

"ऐकतेय. बस."

नेमणूकपत्र टेबलावर नव्हतं. कुठे गेलं ते तिने विचारलं नाही. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, चष्मेवाल्याने काचेतून हात केला आणि प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. तिने नाही म्हणून मान हलवली. तो बॅग खांद्याला लावून गेला.

"सोमवारी कळवते," बाई पुढची क्लिप लावत म्हणाल्या.

"पत्राचं?"

"ह्या एकोणीसचं. अठराचं." त्यांनी दुसरा हेडफोन खणातून काढून तिच्याकडे सरकवला. "सांगते ते नीट ऐक. ह्या आत्ताच्या तासाचे पैसे कोणी देणार नाही."

थोरलीने घड्याळाकडे बघितलं. पाचला दोन मिनिटं होती. मग एक. तिने हेडफोन कानाला लावला.

बाईंची पदवीही भाषाशास्त्राचीच होती, चौदा वर्षांपूर्वीची, आणि त्यांचा पहिला पगार नऊ हजार होता.